काळ्या दगडावरचा 'परवा'

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या लाकडी चौकटीचा एक कोपरा झिजून गोल झाला आहे, वरच्या पट्टीला टांगण्यासाठी पाडलेलं भोक आहे, आणि माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाच्या तीन ओळी आहेत. त्या पाण्याने पुसल्या जात नाहीत. त्या ओळी माझ्यावर कशा आल्या, ते सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. एरवी पाटीने कधी बोलायचं नसतं. तिने लिहून घ्यायचं आणि पुसून घ्यायचं.

मित्रांनो, एखादी गोष्ट अगदी पक्की असली की मोठी माणसं म्हणतात, 'ही काळ्या दगडावरची रेघ!' मला त्याचं हसू येतं. काळा दगड म्हणजे मीच की! माझ्यावरची रेघ बाहीने पुसता येते, पाण्याच्या दोन थेंबांनी पुसता येते. आणि पुसली नाही म्हणून ती खरी राहतेच असंही नाही. हे मला फार उशिरा कळलं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशीचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

दूरच्या कुठल्याशा खाणीतून माझा दगड निघाला. त्याचे पातळ पदर काढले, घासून गुळगुळीत केले आणि चौकटीत बसवले. चौसष्ट साली मी सीताबर्डीच्या एका दुकानात दोरीने बांधलेल्या पाट्यांच्या गठ्ठ्यात होते. तिथे बळीराम गजभिये आले. ते गिरणीत माग चालवत. त्यांनी गठ्ठा सोडायला लावला, एकेक पाटी बोटाने वाजवून पाहिली आणि मला उचललं. सहा वर्षांची पुष्पलता त्यांचं बोट धरून उभी होती. घरी, इंदोऱ्यात, त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "अक्षर असं काढजो बाई, का वाचणाऱ्याले पुन्हा इचारा लागू नये."

बळीरामांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता येत होतं. पण छप्पन साली दीक्षाभूमीवरून परत येताना त्यांनी जे मनाशी ठरवलं होतं, त्यात मुलीचं शिक्षण पहिलं होतं. पुष्पलता रोज संध्याकाळी मला कोळशाने घासून काळीभोर करी आणि मग पेन्सिल टोकदार करून बसे. तिचा 'ळ' बघायला शेजारच्या बाया यायच्या. मला त्याचा फार गर्व होता. सुंदर अक्षर काढणारी ती आणि मिरवणारी मी.

पुढे ती वह्यांवर लिहू लागली आणि मी माळ्यावर गेले. बारा वर्षं धूळ खात पडले. कुणी आठवण काढली नाही. मला वाटलं, झालं, आपले दिवस सरले. पण पुष्पलता शिकून नर्स झाली, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत लागली, आणि एक दिवस शिडी लावून तिने मला खाली काढलं.

ती खोली म्हणजे सहा खाटा आणि प्रत्येक खाटेवर ऊब देणारा दिवा. वेळेआधी जन्मलेली, तळहाताएवढी बाळं तिथे असायची. त्यांचे कागद फाईलमध्ये, फाईल कपाटात, आणि कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला. खोलीचे मोठे डॉक्टर केशव पांढरीपांडे यांनी एकदा वैतागून म्हटलं होतं, "अहो, बाळापाशी उभं राहिल्यावर दिसेल असं काहीतरी पाहिजे." दुसऱ्या दिवशी पुष्पलताने मला तिसऱ्या नंबरच्या खाटेच्या पायथ्याशी टांगलं. महिन्याभरात बाकीच्या पाच खाटांनाही पाट्या आल्या, पण त्या नव्या होत्या. मी थोरली.

मित्रांनो, आता मला एका बारीक नळीबद्दल सांगितलं पाहिजे. तिच्याशिवाय ही गोष्ट समजणार नाही.

बाळाची नाळ कापली तरी तिच्यातल्या रक्ताच्या वाटा लगेच बंद होत नाहीत. त्यातल्या धमनीतून एक मऊ, पारदर्शक नळी हळूच आत सरकवली की बाळाला पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. लागेल तेव्हा दोन थेंब रक्त काढता येतं, श्वास कसा चालला आहे ते त्यावरून कळतं. कितीतरी बाळं या नळीच्या आधाराने तगलेली मी पाहिली आहेत. पण नळी म्हणजे रक्ताच्या वाटेत बसलेला परका पाहुणा. ती जितकी जास्त राहील, तितकी तिच्या टोकाशी गुठळी धरण्याची भीती. गुठळी सुटली की खाली पायाकडे जाते आणि बोटांचं रक्त अडवते.

मग ती किती दिवस ठेवायची? यावर पांढरीपांडे डॉक्टरांच्या खोलीत फार वाद व्हायचे. एका पुस्तकात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा. शेवटी त्यांनी आपल्या खोलीपुरता नियम केला. "पाच दिवस झाले की काढायचीच," ते म्हणायचे, "पण पाच दिवस ठेवायचीच असं मी म्हटलेलं नाही. गरज संपली की त्याच घटकेला बाहेर." लोकांच्या लक्षात पाच दिवस राहिले. दुसरं वाक्य वाऱ्यावर गेलं.

त्र्याऐंशी सालचा दसरा जवळ आला होता. मंगळवारी सकाळी तिसऱ्या खाटेवर एक मुलगी आली. वजन तेराशे ग्रॅम. आईचं नाव चारुशीला, म्हणून माझ्यावर लिहिलं गेलं, 'चारुशीलाचं बाळ'. बाप भैयाजी सदरमध्ये एका टपरीत गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचा. त्याच्या नखांत नेहमी पांढरा रंग असायचा. तो दाराच्या काचेतून बाळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. चांगलं अक्षर दिसलं की पेंटरची नजर तिथे अडकतेच.

बाळाला श्वास घ्यायला जड जात होतं, म्हणून त्याच दिवशी नळी घातली. गुरुवारी तिची छाती जरा सावरली. सकाळच्या फेरीत डॉक्टर म्हणाले, "छान चाललंय. नळी परवा काढून टाका." पुष्पलताने पेन्सिल घेतली आणि आपल्या त्या देखण्या अक्षरात माझ्यावर लिहिलं, 'नळी काढणे – परवा'.

मंगळवारपासून शनिवारी पाच दिवस भरत होते. हिशेब चोख होता. अक्षर चोख होतं. मला तर वाटलं, इतकं स्वच्छ आजवर माझ्यावर कुणी लिहिलं नसेल.

पुष्पलताची शुक्रवारपासून तीन दिवसांची सुट्टी होती. दरवर्षी दसऱ्याला ती आणि बळीराम दीक्षाभूमीवर गावोगावहून आलेल्या लोकांना पाणी वाटायला जात. सुट्टी महिनाभर आधी मंजूर झालेली. जाताना तिने बाळाच्या पायाच्या बोटांना हात लावून पाहिला. बोटं गुलाबी आणि गरम होती. दर तासाला बोटं बघायची, ही तिचीच सवय.

आता पाहा मित्रांनो, काय झालं. गुरुवारी लिहिलेला 'परवा' शुक्रवारी सकाळीही माझ्यावर 'परवा'च होता.

शुक्रवारी यमुताई आल्या. खोलीतल्या सर्वांत जुन्या नर्स, हाताला मोठा गुण. त्यांनी वाचलं आणि शेजारच्या नर्सला सांगितलं, "नळी परवा काढायची हाय म्हणते. म्हणजे रविवारी." शनिवारी सकाळी आलेल्या नर्सने वाचलं. तिचा परवा सोमवारी होता. शनिवारी, ज्या दिवशी ती नळी निघायची, त्या दिवशी खोलीतली प्रत्येक व्यक्ती माझ्याकडे बघून निश्चिंत झाली. मी ओरडून सांगू शकत नव्हते. खरं सांगायचं तर मलाही ते कळलं नव्हतं. माझ्यावर जे लिहिलं आहे ते खरं आहे, एवढंच मला जन्मापासून ठाऊक होतं.

फाईलमध्ये तारीख होती. निळ्या शाईत, वेळेसकट. पण फाईल कपाटात होती आणि मी डोळ्यांसमोर होते.

रविवारी दसरा. पांढरीपांडे डॉक्टर शनिवारपासूनच घरच्या पूजेला गेलेले, त्यांच्या जागी दुसऱ्या विभागातले एक डॉक्टर आलेले. सकाळी खाट पुसताना ओला फडका माझ्यावरून फिरला होता आणि 'काढणे' हा शब्द पुसला गेला होता. उरलं ते इतकंच, 'नळी – परवा'. त्या डॉक्टरांनी वाचलं आणि मान हलवली. "परवाच घातलीय. म्हणजे अजून वेळ आहे." रविवार धरून बसलेल्या यमुताईही डॉक्टरांच्या शब्दावर थांबल्या. एकाच शब्दाने पुढचं तोंड फिरवून मागे केलं आणि त्या शब्दाचं एक अक्षरही बदललं नाही.

दुपारी वीज गेली. दिवा विझला. बाळ गार पडेल म्हणून यमुताईंनी तिच्या दोन्ही पायांना कापूस गुंडाळला, वरून मऊ पट्टी बांधली. मायेनेच बांधली. वीज दोन तासांनी आली, पण कापूस तसाच राहिला.

सोमवारी सकाळी आठ वाजता पुष्पलता कामावर आली. केसांत अजून मैदानावरची धूळ होती. ती सरळ तिसऱ्या खाटेपाशी आली, आणि आधी तिला बाळाच्या पोटावर चिकटवलेली नळी दिसली. मग ती माझ्याकडे वळली. आपलं अक्षर तिने वाचलं. मी तिचा चेहरा लहानपणापासून बघत आले आहे. परीक्षेत नापास झालेला, तापाने फणफणलेला, सगळे. हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

तिने पट्टी सोडली. कापूस काढला. उजवा पाय गुलाबी होता. डावा पाय घोट्यापासून खाली निळसर पडला होता, आणि शेवटची दोन बोटं जांभळी काळी झाली होती.

पेन्सिल खाली पडल्याचा आवाज मला अजून आठवतो.

पांढरीपांडे डॉक्टर धावत आले. नळी लगेच बाहेर काढली. दुसऱ्या पायाला शेक दिला, म्हणजे त्याच्याबरोबर या पायाच्याही वाटा खुलतील. दुपारपर्यंत घोट्याचा निळेपणा उतरू लागला, संध्याकाळी तळवा गरम झाला. पण ती दोन बोटं तशीच. डॉक्टर पुन्हा पुन्हा त्यांना हात लावून बघत होते, जणू हाताने समजूत घातली तर ती ऐकतील.

मंगळवारी सकाळी यमुताई पुष्पलताजवळ आल्या. त्या दोन दिवसांत म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या. त्यांच्या हातात ओला फडका होता.

"पुसून टाक वं पुष्पा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तारीख टाकून दे अन् मोकळी हो. अशा पोरायले असं होते कधी कधी. सांगून तिची बोटं परत येऊन राहिली काय?"

मित्रांनो, मी लाजेने सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, पुसावं. पुसणं हेच तर पाटीचं भाग्य. कितीही चुकलं तरी फडका फिरला की कोरं. पुष्पलताने फडका हातात घेतला. तो माझ्या कडेपर्यंत आला. त्यातलं पाणी माझ्या चौकटीवर ठिबकलं.

"माझा बाप म्हणे, वाचणाऱ्याले इचारा लागू नये असं लेह्य," ती म्हणाली. "यमुताई, इथं कोणालेच इचारा नाही लागलं. तेच तं झालं."

तिने फडका बादलीत टाकला, मला खुंटीवरून काढलं आणि छातीशी धरून व्हरांड्यात नेलं. चारुशीला बाकावर बसली होती. भैयाजी उभा होता. पोरीचा पाय त्यांनी काल पाहिला होता. का झालं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"भैयाजी," पुष्पलता म्हणाली, "शनिवारी नळी काढायची होती. सोमवारपर्यंत राहिली. हे मी लिहिलं होतं."

भैयाजीने मला हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिला.

"अक्षर तं सुंदर आहे, सिस्टर," तो म्हणाला. मग रंग लागलेलं नख त्याने शब्दावर टेकवलं. "पण परवा म्हणजे कोणता परवा?"

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. चारुशीलाने पदर तोंडात धरला होता. मागून पांढरीपांडे डॉक्टर आले. त्यांनी पुष्पलताच्या पुढे होऊन हात जोडले. "अक्षर हिचं आहे, शब्द माझा होता. गुठळी पहिल्या दिवशीही धरू शकते, हे खरं आहे. पण शनिवारनंतर ती नळी तुमच्या मुलीला नकोच होती. ती राहिली, ही चूक आमची."

भैयाजीने मला परत दिलं आणि जिना उतरून निघून गेला. तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. यायचा, काचेतून बघायचा, जायचा. माझ्याकडे मात्र नजर टाकायचा नाही. त्या तीन दिवसांत आणि त्यानंतरही पुष्पलताने मला पुसलं नाही आणि दुसऱ्या कुणाला पुसू दिलं नाही.

पोर वाचली. दोन बोटं वाळली आणि गेली. दीड महिन्याने तिला घरी न्यायचा दिवस आला, तेव्हा चारुशीलाने तिला पोटाशी घेतलं आणि भैयाजीने पिशवीतून पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणि बारीक ब्रश काढला.

"ती पाटी द्या," तो पुष्पलताला म्हणाला. ती घाबरून त्याच्याकडे बघत राहिली.

"मी नंबरप्लेटा रंगवतो, सिस्टर. गाडीच्या नंबराच्या जागी 'परवा' लेह्यता येते काय?"

त्याने स्वतःच्या हाताने मला धुतलं. तो शब्द त्याने पुसला. मग बाकावर मांडी घालून बसला आणि श्वास रोखून तीन ओळी रंगवल्या. पहिली, 'नळी घातली, तारीख व वेळ'. दुसरी, 'काढायची, तारीख व वेळ'. तिसरी काय लिहायची ते त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आज हवी काय?"

ते त्याने तसंच लिहिलं. पुढे रोज पेन्सिलीने भरायला जागा सोडली. नंतरच्या रविवारी येऊन बाकीच्या पाचही पाट्या रंगवून गेला. यमुताईंनी त्याला चहा करून दिला आणि तो प्याला, हे मी मुद्दाम सांगते.

त्यानंतर रोज सकाळी फेरी माझ्यापाशी थांबायची. कुणीतरी मोठ्याने तिसरी ओळ वाचायचं, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. कधी उत्तर 'हो' यायचं. पण कितीदा तरी दुसऱ्याच दिवशी, तिसऱ्याच दिवशी कुणी तरी म्हणायचं, "आता कशाला पाहिजे?" आणि नळी निघायची. पाच दिवसांपर्यंत जायची वेळच यायची नाही.

आता खोलीत छापील तक्ते आले आहेत. मला काम उरलेलं नाही. पुष्पलताने मला नर्सांच्या खोलीत खिळ्याला लावलं आहे. कधी कुणी तिथे टोपी अडकवतं, कधी माझ्यावर धूळ साचते. गेल्या जूनपर्यंत मला वाटत होतं, आपली गोष्ट संपली.

गेल्या जूनमध्ये, चोवीस तारखेला, भैयाजी आला. बरोबर साडेपाच वर्षांची मुलगी. पळताना डावा पाय जरासा आत वळतो, पण पळते. पेंटरची पोर, चालायला उशीर लागला, अक्षरं मात्र लवकर आली. तिने बाकावर बसून चपला काढल्या आणि पुष्पलताला आपली बोटं मोजून दाखवली. "एक, दोन, तीन," करत ती आठवर थांबली. "बालवाडीत पोरं दहापर्यंत मोजतात," ती म्हणाली. "मी उरलेले दोन हातावर मोजते."

पुष्पलताने मला खिळ्यावरून काढलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं, अगदी तसंच, जसं बळीरामांनी तिच्या मांडीवर ठेवलं होतं. पोरीने पांढऱ्या ओळींवरून बोट फिरवलं. "हे बाबाचं अक्षर आहे," ती म्हणाली. मग पेन्सिल जिभेला लावून, रिकाम्या जागेत, आपलं सारं कसब पणाला लावून तिने लिहिलं, 'माझी शाळा परवा'.

माझ्या दगडाला थंडी भरली. भैयाजीने खिडकीकडे तोंड फिरवलं. पुष्पलता मात्र पोरीच्या शेजारी टेकली.

"परवा म्हणजे कोणत्या तारखेले वं, बाई?" तिने विचारलं.

पोरीने बोटांवर मोजलं. हाताच्या. "सव्वीस जून," ती म्हणाली.

"मंग तेच लेह्य."

तिने 'परवा' आपल्या बाहीने पुसला आणि तिथे लिहिलं, '२६ जून'. 'सहा' जरा वाकडा झाला आहे. मी तो अजून जपून ठेवला आहे. पुष्पलता मला पुसू देत नाही.

मित्रांनो, तुम्ही पाट्यांवर, वह्यांवर, भिंतींवर पुष्कळ लिहाल. अक्षर सुंदर काढा, मला ते आवडतं. पण ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा जीव टांगलेला आहे, तिथे तारीख लिहा. आणि दुसऱ्याने लिहिलेलं कितीही सुंदर दिसलं तरी, रोज सकाळी एकदा त्याला विचारा की आज हे खरं आहे काय.